वाचता न आलेल्या आठ जागा

मला नागपूरच्या एका डिस्क विकणाऱ्याने फसवलं. वापरून झिजलेल्या दोन डिस्क त्याने नव्या म्हणून दिल्या आणि मी नव्या म्हणून घेतल्या. एका शिक्षण संस्थेनेही मला फसवलं. त्या डिस्क मरत आहेत हे चार महिने रोज कळत असताना संस्थेने ते इशारे छापून फायलीला लावले. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एका मुलीला फसवलं, जिचा आमच्यापैकी कोणाशी कधी काही व्यवहार झाला नव्हता. तिला एक पान हवं होतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचं एक पान, ज्यावर तिच्या पणजोबाचं नाव, गाव आणि जात लिहिलेली होती. ते पान आता कुठेही नाही.

संस्थेचं नाव आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. वाशिम जिल्ह्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील मंगरूळपीरला गाद्या भरायचे. मी दहावीनंतर वाशिमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं टेबल लावलं, मग कॉम्प्युटर उघडायला शिकलो, मग दुकान घेतलं. इंग्रजी मला शाळेने फारसं शिकवलं नाही. ते मशीनच्या तक्रारींनी शिकवलं. पडद्यावर जी ओळ यायची ती मी अक्षर पाहून वहीत उतरवायचो आणि शब्दकोशात एकेक शब्द शोधायचो. दहा वर्षांत असं झालं की इंग्रजी पेपर वाचताना मी अडखळतो, पण सर्व्हरचा लॉग सरळ वाचतो.

लॉग म्हणजे काय ते सांगतो. सर्व्हर म्हणजे बंद न होता चालणारा कॉम्प्युटर. तो आपल्या मनाने एक रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, कोण गेलं, काय उघडलं, कुठे अडलं. हजार ओळींतल्या नऊशे नव्याण्णव बिनकामाच्या असतात. उरलेली एक शोधायची, एवढंच या कामातलं कसब. त्यातही डिस्कच्या ओळी फसव्या. डिस्क म्हणजे जिच्यावर सगळं साठवलेलं असतं ती. ती कधी ओरडत नाही. पंखा बिघडला की आवाज होतो, वीज गेली की सगळ्यांना कळतं. डिस्क मात्र खालच्या आवाजात एक ओळ लिहिते आणि पुन्हा कामाला लागते.

त्या संस्थेची शाळा जुनी, स्वातंत्र्याच्या आधीची. पहिली रजिस्टरं बोरूने लिहिलेली, पानं अशी की हात लावला की कड गळून पडायची. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर पन्नास सालाच्या आधीचा पुरावा लागतो, आणि आसपासच्या आठ-दहा गावांतल्या लोकांना तो पुरावा याच रजिस्टरांत सापडायचा. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांना तर विशेष. घरात कागद नाही, शेतीचा तुकडा नाही, पण पणजोबा दोन वर्षं शाळेत बसला होता, त्याची नोंद आहे. रोज कोणी ना कोणी यायचं आणि पानं आणखी फाटायची. म्हणून संस्थेने ठरवलं की सगळ्या पानांचे फोटो काढून सर्व्हरवर ठेवायचे. ते काम मी घेतलं.

भाव ठरवायला संस्थेच्या सचिवांसमोर बसलो. त्यांचा किराणा मालाचा ठोक धंदा, त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांना ओळखून होतो. त्यांनी माझ्या कोटेशनवर लाल पेन ठेवला.

"दोन डिस्क काहून? एकीत मावत नाही का?"

"मावते साहेब. पण एक गेली तर दुसरी राहते. जे एकीवर लिहिलं तेच दुसरीवर."

"बरं. अन् ही तिसरी?"

"ती मशीनच्या बाहेर. आठवड्यातून एकदा नक्कल काढायची अन् कपाटात ठेवायची. शाळेत नाही, तुमच्या घरी."

"म्हणजे एका म्हशीले तीन दावे बांधून राह्यले तुमी." टेबलाभोवतीची माणसं हसली. "दोन पुरतात. म्हैस काही वाघ नाही."

त्यांनी तिसऱ्या डिस्कवर लाल रेघ मारली. मी मान हलवली. आणखी ताणलं असतं तर काम अकोल्यात हाच धंदा करणाऱ्या माणसाला गेलं असतं. शिवाय त्यांनी दुसऱ्या डिस्कवर रेघ मारली नाही यातच मला जिंकल्यासारखं वाटत होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवून घेतली. सर्व्हरचे इशारे संस्थेच्याच मेलवर येतील, माझ्याकडे येणार नाहीत. संस्थेची माहिती बाहेरच्या माणसाकडे नको, असं त्यांचं म्हणणं. त्यावरही मी मान हलवली.

कमी झालेला भाव मग मी नागपूरला वसूल करायला गेलो. तळघरातलं दुकान, डिस्कची खोकी छतापर्यंत. त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर मी सुरुवात केली.

"भाऊ, इतक्यात नुसता डब्बा येते," तो म्हणाला.

"मंग डब्बा तुमी ठेवा. मले आतली डिस्क द्या."

तो हसला, त्याने चहा मागवला. मी तीन वेळा उठून जिन्यापर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी त्याने बोलावलं आणि म्हणाला, "चला, तुमच्यासाठी." आतल्या खोलीत गेला आणि दोन डिस्क घेऊन आला. सीलबंद. समोर ठेवलेल्या खोक्यातल्या त्याने का दिल्या नाहीत, हे मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खुश होतो. दुकानात येऊन तपासलं. प्रत्येक डिस्कमध्ये ती किती तास चालली याचा आकडा असतो. दोन्हींत दोन तास दिसले. दोन तास म्हणजे कारखान्यातली चाचणी. म्हणजे नव्या.

हिवाळाभर आम्ही फोटो काढले. पानं उलटायचं काम माझ्या बायकोने केलं, कारण माझा हात जड आहे. काम संपलं त्या आठवड्यात संस्थेने रजिस्टरांचे गठ्ठे ऑफिसच्या कपाटातून काढून पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत नेले. कपाट नव्या संगणक खोलीला हवं होतं. तेव्हा ते कोणालाच गैर वाटलं नाही. मलाही नाही. मीच तर सांगितलं होतं की आता सगळं आत आहे.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी शाळेच्या बडे बाबूंचा, म्हणजे मुख्य कारकुनाचा, फोन आला.

"भाई, तुमच्या मशीननं पत्र पाठवलं."

मी गेलो. बाबू म्हणजे निवृत्तीला आलेला, नीटनेटका माणूस. त्यांनी मेल छापून घेतला होता, त्यावर आवक क्रमांक टाकला होता, गोल शिक्का मारला होता आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन तो फायलीला लावला होता. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक कागदाचं ते हेच करायचे. सर्व्हरचा कागद वेगळा कशाला समजायचा? मी ती ओळ वाचली. तिचा अर्थ एवढाच होता की या डिस्कवर सध्या आठ जागा वाचता येत नाहीत.

"म्हणजे खराब झाली काय?"

"खराब झाली असं ती म्हणत नाही. आठ ठिकाणी वाचाले गेलो, वाचता आलं नाही, पुढं पाहू, असं म्हणून राह्यली."

"आठ म्हणजे कितीपैकी?"

"कोट्यवधीपैकी."

"मंग पोत्यातले आठ दाणे किडले, इतकंच ना."

"इतकंच. पण लक्ष ठेवा. आठाचे आठच राह्यले तर काही नाही. वाढले तर मले सांगा."

हे मी सांगितलं, आणि हे सांगताना मी चुकलो. ती ओळ एकटी वाचायची नसते. नव्या डिस्कने आठ म्हटलं तर थांबून पाहता येतं. म्हाताऱ्या डिस्कने आठ म्हटलं तर त्याच दिवशी ती काढून टाकायची. ओळ तीच, अर्थ वय पाहून लावायचा. आणि वयाचा आकडा मला नागपूरहून खोटा मिळाला होता. मी खोट्या वयावरून खरी ओळ वाचली.

दुसरी चूक त्याहून मोठी. ओळीच्या सुरुवातीला डिस्कची खूण असते, पहिली की दुसरी. बाबूंना मी आकडा दाखवला, खूण दाखवली नाही. मला वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला जास्त ताप कशाला.

बाबूंनी एक लांब रजिस्टर आखलं. तारीख, आवक क्रमांक, आकडा, शेरा, सही. रोज सकाळी प्रार्थना झाली की ते मेल उघडायचे, छापायचे, आकडा लिहायचे. शनिवारी मुख्याध्यापक सही करायचे. मी आजवर ज्या ज्या कंपन्यांत आणि दवाखान्यांत सर्व्हर लावले, तिथे कोणी इतक्या नियमाने डिस्कचे इशारे लिहून ठेवले नाहीत. इशारे वाचत नाहीत म्हणून डिस्क जाते, असं आम्ही धंद्यातली माणसं म्हणतो. इथे रोज वाचले जात होते.

त्याच सुमारास देखभालीचा वर्षाचा करार संपला. मी सचिवांकडे गेलो. शिक्षकांची बैठक चालू होती, त्यांनी मला तिथेच बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मशीन स्वतःच सांगते कुठं दुखून राह्यलं ते. बाबू लिहून घेते. मंग तुमाले कायचे पैसे?"

"डॉक्टर थर्मामीटरचे पैसे घेत नाही साहेब," मी म्हणालो. "ताप कशाचा हे सांगायचे घेते."

"तुमी डॉक्टर कधीपासून झाले? गाद्या भरत होते ना?"

कोणीतरी हसलं. मी कराराचा कागद त्यांच्या टेबलावरच फाडला आणि म्हणालो, "तुमी स्वतः फोन केल्याबिगर तुमच्या आवारात पाय ठेवणार नाही."

"चहा वाचला," ते म्हणाले.

मी निघून आलो. वडील गाद्या भरायचे याची मला लाज नाही. पण सचिव ते ज्या तऱ्हेने म्हणाले, ती तऱ्हा मी गिळू शकलो नाही. अजूनही गिळलेली नाही.

पंधरा दिवसांनी बाबूंचा फोन. "भाई, सोळा झाले."

"सचिवांना सांगा. मले फोन कराले लावा."

"टिपणी ठेवली."

"मंग झालं तुमचं काम."

आठ दिवसांनी पुन्हा. चोवीस. मग छप्पन. मग एकशे बारा. बाबू आपल्या मोबाइलवरून, व्हरांड्यात येऊन, हळू आवाजात बोलायचे. दर वेळी मी तेच उत्तर दिलं. एकशे बारा म्हणजे काय ते मला माहीत होतं. डिस्क किडली नव्हती, सडत होती. पण दुसरी आहे ना, असं मी स्वतःला सांगत होतो. आणि सचिवांचा फोन येईल त्या दिवशी मी काय काय बोलणार, याची वाक्यं जुळवत होतो. शिरपूरच्या रस्त्याने मोटरसायकलवर पाऊण तासाचा रस्ता होता. मी गेलो नाही.

टिपणीवर सचिवांनी काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. प्रत्येक कागदावर एकच ओळ होती: पाहिले, दप्तरी दाखल करावे.

मग एकदा बाबू म्हणाले, "आज येगळंच लिहून आलं. जोडीतली एक काढली म्हणते."

"सर्व्हरनं पहिली डिस्क काढून टाकली. आता एकीवर चालू आहे. सचिवांना सांगा, बाबू. हात जोडून सांगा."

"सांगतो," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी समजलो, संस्थेने अकोल्याच्या माणसाला बोलावलं असेल. मला त्याचाही राग आला.

जूनच्या शेवटी बाबूंचा फोन आला. "सचिवांचा नाही, माझाच आहे. तुमी या. पाया पडतो."

मी गेलो. ऑफिसात एक मुलगी प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभी होती. बारावी झालेली. तिचे वडील दाराशी. ते जवळच्या गावात ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर व्हॉल्व्ह सोडायचं काम करतात. मुलीला अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळत होता. पडताळणीचं प्रमाणपत्र ठरल्या मुदतीत दिलं नाही तर ती जागा जाणार होती. घराण्यात याआधी कोणाचीच पडताळणी झालेली नव्हती, म्हणजे काका-चुलत्याचा कागद जोडून भागणार नव्हतं. पणजोबाची शाळेतली नोंद, एवढा एकच पुरावा.

बाबूंनी पडद्यावर फोटोंची फाइल उघडून दाखवली. रजिस्टरच्या सुरुवातीला नावांची यादी असते, ते पान स्वच्छ उघडलं. त्यात पणजोबाचं नाव होतं, अनुक्रमांक एक्केचाळीस. यादीत फक्त नाव. जात, जन्मतारीख, बापाचं नाव हे सगळं आतल्या पानावर. आतलं पान उघडलं. छत्तिसाव्या क्रमांकापर्यंत अक्षरं दिसत होती, बोरूच्या शाईचे फराटेसुद्धा. त्याच्या खाली करडा रंग. अर्धं पान नुसतं करडं.

मुलीने विचारलं, "काका, खाली सरकवा ना थोडं."

"खाली हेच आहे, बेटा," बाबू म्हणाले.

मी लॉग उघडला आणि शेवटून मागे वाचत गेलो. दोन महिन्यांपूर्वी पहिली डिस्क जोडीतून काढलेली. त्याच आठवड्यात दुसऱ्या डिस्कची पहिली ओळ, आठ जागा वाचता येत नाहीत. मग सोळा. मग तीच रांग. आणि त्या सकाळची ओळ, वाचायला गेलो, माध्यमातच दोष, परत प्रयत्न केला, सोडून दिलं. ती सकाळ म्हणजे बाबूंनी या मुलीसाठी पान उघडलं ती.

"दुसरीनं सुद्धा दोन महिने सांगितलं," मी बाबूंना म्हणालो. "मले काहून नाही सांगितलं?"

बाबूंनी आपलं आकड्यांचं रजिस्टर पुढे केलं. एकशे बारा, एकशे छत्तीस, आणि त्याच्या खाली, त्याच रकान्यात, आठ. शेऱ्याच्या जागी लिहिलेलं होतं, सुधारणा आहे. त्याखाली मुख्याध्यापकांची सही. पुढच्या पानावर पुन्हा सोळा, चोवीस. पण एकशे छत्तिसाच्या मानाने ते किती थोडे.

"आकडा उतरला होता भाई," बाबू म्हणाले. "मले वाटलं, बरी झाली. मीच पेढे वाटले असते."

पहिली डिस्क मेली म्हणून तिचे आकडे थांबले आणि दुसरीचे सुरू झाले. बाबूंनी एकाच रकान्यात लिहिले, कारण रकाना एकच होता. खूण वाचायला मी शिकवलं नव्हतं. मी त्या माणसाला काय बोलणार होतो?

मुलीचे वडील दारातूनच बोलले. आवाज चढवला नाही.

"मी पाण्याच्या टाकीवर काम करतो साहेब. टाकीले भेग पडली तर पहिल्या दिवशी ओल दिसते. मंग आपण पाणी दुसऱ्या टाकीत घेतो. तुमाले चार महिने ओल दिसून राह्यली होती. तुमी फक्त लिहून काहून घेतली?"

बाबूंनी रजिस्टर मिटलं. मी सर्व्हर बंद केला.

मी दोन्ही डिस्क काढून दुकानात आणल्या. एक एक जागा पुन्हा पुन्हा वाचून बघणारा प्रोग्राम असतो, तो लावला. तीन दिवस लावला. दुसऱ्या डिस्कवरून बरीच पानं वाचली, बरीच नाही. हवं होतं ते पान करडंच राहिलं. पहिली डिस्क तर फिरायलाच तयार नव्हती. ती पुण्याला अशी कामं करणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी उघडून फोटो पाठवला. आतल्या ताटलीवर गोल ओरखडे पडले होते, जिथे अक्षरं होती तिथला थरच खरवडून निघालेला.

त्या तीन दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली. तासांचा जो आकडा आपल्याला दिसतो त्याशिवाय डिस्कच्या पोटात कारखान्याची वेगळी नोंद असते. ती वाचायला वेगळी तऱ्हा लागते, घेताना मी ती वापरली नव्हती. आता वाचली. माझ्याकडे येण्याआधी ती दुसरी डिस्क चार वर्षांहून जास्त अखंड चाललेली होती. दिसणारा आकडा कोणीतरी पुसून पुन्हा शून्यावर आणला होता. वडील नव्या गादीतही कोपरापर्यंत हात घालून सांगायचे की कापूस एकदा पिंजलेला आहे की दुसऱ्यांदा. माझ्या हातात तो कापूस दीड वर्ष होता.

मी नागपूरला गेलो. जिना उतरतानाच मी बोलायला सुरुवात केली होती. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर निघून गेली. त्याने मला पाणी दिलं, डिस्क हातात घेऊन फिरवून पाहिली.

"मलेबी वरून अशीच आली भाऊ. मी कुठं कारखाना चालवतो?"

"आतल्या खोलीतून आणून दिली तू मले. समोरची नाही दिली."

"समोरचीचा भाव येगळा होता." त्याने डिस्क टेबलावर ठेवली. "त्या भावात तुमाले काय मिळते असं वाटलं होतं? इतके वर्षं धंद्यात आहा तुमी."

मी त्याची गचांडी धरली. शेजारच्या दुकानदारांनी सोडवली. मग त्याने हमीच्या बदल्यात दोन नव्या डिस्क टेबलावर ठेवल्या. डिस्क गेली तर डिस्क मिळते, तिच्यावर काय होतं त्याची हमी कोणी देत नाही, पावतीवर मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं आहे. मी त्या दोन डिस्क घेतल्या. ठेवून येणं माझ्या हाताला जमलं नाही.

मूळ रजिस्टर तरी बघू म्हणून मी, बाबू आणि मुलीचे वडील तांदळाच्या खोलीत गेलो. गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले. वरचा कपडा साबूत. बाबूंनी गाठ सोडली आणि आत माती निघाली. वाळवीने कागद खाऊन त्याच आकाराची माती भरून ठेवली होती. मुलीच्या वडिलांनी त्यात हात घालून पाहिलं. कातडी पुठ्ठ्याचा एक कोपरा निघाला. त्यांनी तो खिशात ठेवला नाही, परत तिथेच ठेवला.

मग ते तहसीलमध्ये गेले. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा, ते कोतवाल बुक काही वेळा कामी येतं. त्यांच्या गावाच्या बुकात पणजोबाच्या जन्माचं सालच नाही. शेतीचा उतारा नाही, कारण शेती नाही. मी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं की हे पान मी स्वतः पाहिलं आहे, फोटो काढला आहे, माझ्या बायकोच्या हाताखालून ते गेलं आहे. पडताळणी समितीच्या माणसाने विचारलं, "एक्केचाळीस नंबरापुढं काय लिहिलं होतं, आठवते का?" नाही आठवत. हजारो पानांतलं एक पान, कसं आठवेल? मी खोटं सांगू शकलो असतो. मुलगी समोर बसली होती. सांगितलं असतं तर समितीने ते मानलं नसतं, हेही मला माहीत होतं.

मुदत गेली. जागा गेली. ती मुलगी आता गावाजवळच्या एका औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचून गोळ्या काढून देते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा असं लोक सांगतात. पुढच्या वर्षी पान कुठून येणार आहे? तिचा लहान भाऊ नववीत आहे. त्यालाही हेच पान लागणार. त्या दोघांच्या मागे जेवढी मुलं येतील तेवढ्यांना. आणि आसपासच्या गावांना माहीत नाही की त्या करड्या रंगात आणखी कोणाकोणाची पानं आहेत. त्या घरांतलं कोणी अजून पान मागायला शाळेत गेलेलं नाही म्हणून.

मी माझ्याकडची चूक वर लिहिली आहे, वगळली नाही. डिस्क मी आणल्या, तिसरी मी सोडली, खूण मी शिकवली नाही, आणि रागात मी चार महिने घरी बसलो. हे मी समितीसमोरही सांगितलं.

पण संस्थेने त्या मुलीला जो कागद दिला तो मी वाचला आहे. त्यावर सचिवांची सही आहे. त्यात लिहिलं आहे की सदर विद्यार्थ्याचा अभिलेख संस्थेत आढळून येत नाही. आढळून येत नाही. जणू तो माणूस कधी शाळेत बसलाच नव्हता आणि त्याची पणती खोटी नोंद मागायला आली होती. समितीने याच वाक्यावर बोट ठेवून तिच्या बापाला विचारलं की मग तुमचा दावा कशावरून आहे.

सचिव साहेब, मी तुमच्याकडून करार मागत नाही, माफी मागत नाही, माझ्या बापाबद्दल बोललात त्याचंही आज काही म्हणत नाही. तो कागद परत घ्या आणि दुसरा द्या. त्यात लिहा की एक्केचाळीस क्रमांकाची नोंद तुमच्या संस्थेत होती, यादीत नाव आजही आहे, आणि मूळ पान व त्याचा फोटो दोन्ही तुमच्या ताब्यात असताना नष्ट झाले. त्याखाली सही करा. कोणाच्या हातून नष्ट झाले ते लिहिताना माझं नाव लिहायचं असेल तर पहिलं लिहा. पण तुमचंही लिहा. ती मुलगी तुमच्या ऑफिसात चार वेळा येऊन गेली. पाचव्या वेळी ती येईल तेव्हा तिला बाबूंकडे पाठवू नका. तुम्ही स्वतः सांगा, तिचं पान तुम्ही काय केलंत.